सार्थकतेचा शिक्का आणि पुराव्याचे वजन : मानसिक आरोग्यविषयक संशोधनातील अनुमानात्मक संख्याशास्त्राच्या वापराची समीक्षा

सारांश

मानसिक आरोग्यविषयक संशोधनात ‘सार्थक’ आणि ‘असार्थक’ या दोन शब्दांवर निष्कर्ष संपवण्याची पद्धत महाविद्यालयीन पातळीवर रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची समीक्षा केली आहे. गोव्यातील ‘मानस’ चाचणी (२०१०), अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ कार्यक्रमाचे मूल्यमापन (२०१७) आणि गोव्यातील ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ (२०१७) या तीन अभ्यासांतील प्रसिद्ध आकड्यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, अनुमानात्मक संख्याशास्त्राचे खरे काम शिक्का मारण्याचे नसून ‘परिणाम किती, कोणाला आणि किती खात्रीने’ हे सांगण्याचे आहे. हे काम संशोधकाने सोडून दिले, तर पुराव्याधारित व्यवहाराला आधार उरत नाही.

बीजसंज्ञा : अनुमानात्मक संख्याशास्त्र, शून्य परिकल्पना, विश्वास मर्यादा, समूह नमुना, मानसिक आरोग्य, पुराव्याधारित व्यवहार.

१. प्रस्तावना

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य आणि शारीरिक शिक्षण या विषयांतील मराठी शोधनिबंध बराच काळ एका ठरावीक साच्यात लिहिले जात आहेत. शीर्षकात ‘तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द असतात. नमुन्यात पन्नास मुलगे व पन्नास मुली, किंवा पन्नास ग्रामीण व पन्नास शहरी विद्यार्थी असतात. चिंता, ताण, समायोजन किंवा आत्मसन्मान मोजणारी बाजारात उपलब्ध असलेली एखादी प्रमाणित चाचणी वापरलेली असते. त्यानंतर मध्यमान, प्रमाण विचलन आणि ‘टी’ मूल्य यांचे कोष्टक येते, आणि कोष्टकाखाली प्राप्त मूल्य ०.०५ पातळीवर सार्थक आहे किंवा नाही एवढे सांगून शून्य परिकल्पनेचा त्याग किंवा स्वीकार केला जातो. शिफारशींमध्ये महाविद्यालयात समुपदेशन केंद्र असावे, योगवर्ग घ्यावेत असे सुचवलेले असते.

या साच्याची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. प्रस्तुत लेखकाचे आरंभीचे लेखनही याच साच्यातले आहे. परंतु मानसिक आरोग्य हा विषय आता केवळ पदवीपुरता राहिलेला नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला व २०१८ पासून अमलात आला. त्याने शासकीय किंवा शासनसाहाय्यित सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क ठरवला. हक्क मान्य झाला की कोणती सेवा द्यायची, ती कोणी द्यायची आणि मर्यादित निधी कुठे खर्च करायचा हे प्रश्न उभे राहतात. तालुक्याच्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्या शोधनिबंधांकडे कोणी वळले, तर त्याच्या हाती काय लागेल? हा या समीक्षेमागचा प्रश्न आहे.

२. सार्थकता : तिचा अर्थ आणि तिच्या मर्यादा

सार्थकतेची आजची पाठ्यपुस्तकी रीत दोन भिन्न विचारांच्या मिश्रणातून तयार झाली आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात ०.०५ हा एक सोयीचा टप्पा म्हणून वापरला. त्यांच्या लेखी ‘पी’ मूल्य हे शून्य परिकल्पनेविरुद्धच्या पुराव्याचे माप होते. नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेली पद्धत निर्णयाची होती. तीत पर्यायी परिकल्पना, दोन प्रकारच्या चुका आणि परीक्षणाचे सामर्थ्य हे सर्व आधी ठरवावे लागते. आपण फिशर यांच्याकडून ०.०५ घेतले, नेमन-पिअर्सन यांच्याकडून ‘त्याग’ आणि ‘स्वीकार’ हे शब्द घेतले, आणि सामर्थ्याचा विचार मात्र दोघांच्या मधल्या वाटेवर सोडून दिला.

याचा परिणाम एका साध्या हिशोबाने दाखवता येतो. समजा, एखाद्या चिंता मापनीचे प्रमाण विचलन १० आहे आणि दोन गटांत प्रत्यक्षात ३ गुणांचा फरक आहे. प्रत्येक गटात ५० विद्यार्थी घेतले, तर मध्यमानांतील फरकाची प्रमाण त्रुटी २ येते आणि सार्थक ठरण्यासाठी नमुन्यात जवळपास ४ गुणांचा फरक दिसावा लागतो. खरा फरक ३ गुणांचा असताना असे शंभर अभ्यास केले, तर त्यांपैकी सुमारे ३२ मध्येच तो सार्थक ठरेल. उरलेल्या ६८ अभ्यासांत संशोधक ‘शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येत आहे’ असे लिहील आणि वाचक ‘फरक नाही’ असे समजेल. वास्तविक, त्या अभ्यासाला फरक दिसण्याची ताकदच नव्हती. दुसऱ्या बाजूने, जे ३२ अभ्यास सार्थक ठरले त्यांत ४ किंवा त्याहून अधिक गुणांचाच फरक नोंदलेला असणार; म्हणजे प्रसिद्ध होणारा फरक खऱ्या फरकापेक्षा नेहमी फुगलेला असणार.

याला अनेक परीक्षणांची जोड मिळाली की अडचण वाढते. एका चाचणीचे दहा घटक, त्यांची लिंग आणि निवास या दोन आधारांवर तुलना, म्हणजे वीस परीक्षणे झाली. कोठेही खरा फरक नसला आणि परीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असली, तरी किमान एक ‘टी’ मूल्य सार्थक येण्याची संभाव्यता ६४ टक्के असते. मग त्या एकाच घटकावर चर्चेचे प्रकरण उभे राहते.

हा केवळ आपल्या प्रांताचा दोष नाही. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थक ठरले. पुढच्याच वर्षी अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने निवेदन काढून स्पष्ट केले की, ‘पी’ मूल्य हे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता सांगत नाही, परिणामाचा आकार सांगत नाही, आणि केवळ त्याच्या आधारे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत.

३. ‘मानस’ चाचणी : एक वाचन

मराठी वाचकाला जवळच्या अशा एका अभ्यासाकडे आता वळू. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मानस’ नावाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न साधा आणि आपल्या तालुक्याला लागू पडणारा होता : मानसोपचारतज्ज्ञ तुटपुंजे असताना, प्रशिक्षण दिलेला स्थानिक अव्यावसायिक समुपदेशक प्राथमिक आरोग्य सेवेत जोडला, तर नैराश्य व चिंता यांचे रुग्ण अधिक संख्येने बरे होतात काय? त्यासाठी १२ प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने, अशी एकूण २४ केंद्रे निवडून ती यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटण्यात आली. एकूण २७९६ रुग्ण सहभागी झाले.

आय.सी.डी.-१० नुसार निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनंतर समुपदेशक असलेल्या गटात ६५.० टक्के, तर तुलना गटात ५२.९ टक्के बरे झाले. दोन प्रमाणांचे गुणोत्तर १.२२ आणि त्याच्या ९५ टक्के विश्वास मर्यादा १.०० ते १.४७ अशा होत्या. प्रमाणांतील फरक १२.१ टक्के अंशांचा, आणि त्याच्या मर्यादा १.६ ते २२.५ अशा होत्या.

आपला रूढ साचा या आकड्यांना लावून पाहावा. गुणोत्तराची खालची मर्यादा नेमकी १.०० वर टेकली आहे, १.०० म्हणजे काहीच फरक नाही. शिक्का मारणारा संशोधक येथे अडखळेल. तोच जर फरकाचा आकडा वाचेल, तर खालची मर्यादा शून्याच्या वर असल्याने तो निःशंकपणे ‘सार्थक’ लिहील. म्हणजे एकाच कोष्टकातील, एकाच रुग्णांवरील दोन आकडे दोन वेगवेगळे निवाडे देतात. रुग्ण बदललेले नाहीत, उपचार बदललेले नाहीत. हिशोबाची रीत तेवढी बदलली आहे. ज्या निवाड्याचे भवितव्य दुसऱ्या दशांश स्थळावर अवलंबून असते, तो निवाडा निष्कर्षाच्या जागी बसवणे योग्य नव्हे.

मर्यादांचे वाचन केले तर मात्र चित्र स्पष्ट होते. उपलब्ध माहिती शंभरामागे दीड-दोन रुग्णांच्या अल्प लाभाशी सुसंगत आहे, तशीच ती बावीस रुग्णांच्या मोठ्या लाभाशीही सुसंगत आहे. सर्वाधिक सुसंगत अंदाज बारा रुग्णांचा आहे. हे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपेक्षा कमी समाधानकारक वाटेल. पण आरोग्य अधिकाऱ्याला खर्चाचा विचार करताना नेमके हेच उत्तर लागते.

४. माणसे किती आणि केंद्रे किती

येथे दक्ष वाचकाला एक शंका येईल. जवळपास २८०० रुग्ण असताना मर्यादा इतक्या रुंद का? प्रसिद्ध आकड्यांवरून, प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे निवडला गेला असे समजून ढोबळ हिशोब केला, तर गुणोत्तराच्या मर्यादा सुमारे १.१४ ते १.३२ येतात. प्रत्यक्ष मर्यादा याच्या अडीचपट रुंद आहेत. कारण असे की, चाचणीत चिठ्ठी रुग्णांची टाकलेली नव्हती, केंद्रांची टाकलेली होती. एकाच केंद्रात येणारे रुग्ण एकाच परिसरातले असतात, त्यांना तोच डॉक्टर तपासतो, तोच समुपदेशक भेटतो. त्यामुळे त्यांचे परिणाम एकमेकांसारखे होऊ लागतात आणि शंभरावा रुग्ण पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. ‘मानस’च्या संशोधकांनी २४ केंद्रांचा हिशोब प्रामाणिकपणे धरला. त्यांनी तो सोडला असता, तर आकडे अधिक दिमाखदार दिसले असते आणि अधिक खोटे ठरले असते.

हा मुद्दा आपल्या भागाला फार जवळचा आहे. शिरपूर तालुक्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी आश्रमशाळा आहेत. समजा, एखाद्या संशोधकाने चार आश्रमशाळांतून प्रत्येकी २५ असे १०० विद्यार्थी घेतले आणि त्यांची तुलना शहरातील चार शाळांतील १०० विद्यार्थ्यांशी केली. कोष्टकात तो स्वाधीनता मात्रा १९८ लिहील. परंतु एका वसतिगृहात राहणाऱ्या, एकाच भोजनगृहात जेवणाऱ्या, एकाच गृहपालाच्या शिस्तीत वाढणाऱ्या २५ मुलांच्या ताणाचे गुण परस्परांपासून स्वतंत्र कसे असतील? समूहांतर्गत सहसंबंध केवळ ०.०५ धरला, तरी नमुन्याचा आराखडा परिणाम १ + (२५ – १) × ०.०५ म्हणजे २.२ येतो. याचा अर्थ १०० विद्यार्थ्यांचा नमुना माहितीच्या दृष्टीने सुमारे ४५ विद्यार्थ्यांएवढाच आहे. सहसंबंध ०.१५ असेल तर तो २२ विद्यार्थ्यांएवढा उरतो. अशा वेळी आलेले सार्थक ‘टी’ मूल्य आदिवासी आणि बिगर आदिवासी विद्यार्थ्यांतील फरक सांगते, की एका कडक गृहपालाची आणि एका प्रेमळ मुख्याध्यापकाची कथा सांगते, हे त्या कोष्टकावरून ठरवता येत नाही.

या ज्ञानासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. लंडनमध्ये शिक्षण घेऊन परतलेल्या या मराठी संख्याशास्त्रज्ञाचा नमुना सर्वेक्षणावरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि व्यक्तीऐवजी समूह हा नमुन्याचा घटक केल्यास काय होते याची चर्चा त्यात आहे. शेतीच्या पीक कापणी प्रयोगांत जे आपण सत्तर वर्षांपूर्वी स्वीकारले, ते माणसाच्या मनाचे मापन करताना विसरावे, हे विसंगत आहे.

५. उपगटांचे गूढ

‘मानस’ चाचणीतील सर्वाधिक चर्चिलेला भाग उपगटांचा आहे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक असताना ६५.९ टक्के आणि नसताना ४२.५ टक्के रुग्ण बरे झाले, गुणोत्तर १.५५, मर्यादा १.०२ ते २.३५. खाजगी दवाखान्यांत अनुक्रमे ६४.१ व ६५.९ टक्के, गुणोत्तर ०.९५, मर्यादा ०.७४ ते १.२२. साच्यातील निष्कर्ष तयारच आहे : सरकारी केंद्रांत परिणाम सार्थक, खाजगीत असार्थक, म्हणून समुपदेशक सरकारी केंद्रांत उपयोगी आणि खाजगीत निरुपयोगी.

या निष्कर्षात दोन पायऱ्या गाळलेल्या आहेत. पहिली अशी की, एक परिणाम सार्थक आणि दुसरा असार्थक असणे म्हणजे त्या दोहोंमधील फरक सार्थक असणे नव्हे. तो फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. प्रसिद्ध मर्यादांवरून ढोबळ हिशोब केल्यास दोन गुणोत्तरांचे परस्पर गुणोत्तर सुमारे १.६ येते आणि त्याच्या मर्यादा १.० ते २.७ च्या दरम्यान पडतात. म्हणजे फरकाचा संकेत आहे, पण तो जेमतेम आहे. प्रत्येक उपगटात बाराच केंद्रे असल्याने यापेक्षा अधिक खात्रीची अपेक्षाही करता येत नाही. दुसरी पायरी अशी की, ०.७४ ते १.२२ या मर्यादा ‘परिणाम नाही’ असे सांगत नाहीत. त्या हानीपासून बऱ्यापैकी लाभापर्यंत सर्व शक्यता खुल्या ठेवतात. परिणामाचा पुरावा नसणे आणि परिणाम नसल्याचा पुरावा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शिक्का बाजूला ठेवून चारही टक्केवारी शेजारी मांडल्या की एक वेगळीच गोष्ट दिसते. तीन गटांत बरे होण्याचे प्रमाण ६४ ते ६६ टक्के आहे. फक्त समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत ते ४२.५ टक्के आहे. समुपदेशकाच्या मदतीने सरकारी केंद्रातील रुग्ण खाजगी दवाखान्यातील रुग्णाच्या बरोबरीला आला, असेही या आकड्यांचे वाचन करता येते. ज्या कुटुंबाला खाजगी डॉक्टर परवडत नाही त्याच्या दृष्टीने हे वाचन अधिक महत्त्वाचे आहे. ‘टी’ मूल्याच्या स्तंभात ते कधीच दिसले नसते.

६. आधी आणि नंतर

आपल्याकडे वारंवार आढळणारा दुसरा आराखडा एकगट पूर्व-उत्तर चाचणीचा आहे. विद्यार्थ्यांची चिंता मोजायची, सर्वाधिक गुण असलेले चाळीस निवडायचे, त्यांना महिनाभर प्राणायाम किंवा समुपदेशन द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. गुण कमी झालेले आढळतात आणि उपक्रम परिणामकारक ठरतो.

समजा, मापनीचे मध्यमान ५०, प्रमाण विचलन १० आणि दोन मापनांतील सहसंबंध ०.७ आहे. निवडलेल्या चाळीस विद्यार्थ्यांचे सरासरी गुण ६५ होते. त्यांच्यासाठी काहीही केले नाही, तरी दुसऱ्या वेळी त्यांची सरासरी ६०.५ च्या आसपास येईल, कारण पहिल्या दिवशीच्या अत्युच्च गुणांत त्या दिवसाच्या योगायोगाचाही वाटा होता. या साडेचार गुणांच्या घसरणीचे ‘टी’ मूल्य चारच्या आसपास जाते आणि ते ०.०१ पातळीवरही सार्थक ठरते. येथे गणित अचूक आहे आणि निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा आहे. यालाच मध्यमानाकडे परतणे म्हणतात.

हा विचार शिरपूरकरांना परका वाटू नये. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून येथे नाले खोल व रुंद करून बंधारे बांधण्याचे जे काम सुरू झाले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून सर्वत्र परिचित आहे. बंधाऱ्यानंतर विहिरीची पातळी वाढली असे कोणी म्हटले, की कसलेला शेतकरी लगेच विचारतो : त्या वर्षी पाऊस किती झाला? बंधारा नसलेल्या शेजारच्या नाल्यावरच्या विहिरींचे काय? हे दोन प्रश्न म्हणजेच तुलना गटाची संकल्पना होय. विहिरीच्या पाण्याबाबत शिवारात सहज विचारला जाणारा प्रश्न विद्यार्थ्याच्या चिंतेबाबत आपल्या चर्चासत्रांत क्वचितच विचारला जातो.

याच कसोटीवर विदर्भातील ‘विश्राम’ कार्यक्रमाचे मूल्यमापन पाहता येते. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत समाजपातळीवर मानसिक आरोग्याचे काम करण्यात आले आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्के झाले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्के झाले. हे आकडे गावांतील प्रौढांच्या स्वतंत्र नमुना सर्वेक्षणांतून आलेले आहेत. निवडक तीव्र रुग्णांवरचे नाहीत, म्हणून मध्यमानाकडे परतण्याचा दोष येथे तेवढा लागू होत नाही. मात्र तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे नव्हती.

म्हणून या तिन्ही आकड्यांना सारखे वजन देता येणार नाही. संपर्काचे प्रमाण सहापट होणे हे पावसापाण्याने किंवा कापसाच्या भावाने घडण्यासारखे नाही. गावात कोणी तरी जाऊन सेवा उभी केल्याशिवाय ते होत नाही. आत्महत्येच्या विचारांत झालेली घट मात्र हंगामावर, कर्जावर आणि बाजारावरही अवलंबून असू शकते. तिन्ही फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक ठरले तरी तिघांमागील कारणाची खात्री सारखी नसते. हा भेद सार्थकता पातळी करत नाही. तो संशोधकाने विषयाच्या जाणिवेतून करायचा असतो.

७. मोजपट्टीची भाषा आणि अनुमानाची हद्द

विश्वास मर्यादा कितीही काटेकोर असल्या, तरी त्या केवळ नमुन्याच्या योगायोगाचा हिशोब ठेवतात. मोजपट्टीच वाकडी असेल, तर तिचा दोष त्यांत येत नाही. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीतील, पुष्कळदा हिंदीवरून भाषांतरित केलेल्या प्रश्नावलीवर खूण करतो. आपल्याकडे माणूस ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘जिवाला करमत नाही’, ‘डोके जड होते’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे तो सांगतो. अशा स्थितीत आदिवासी आणि शहरी विद्यार्थ्यांच्या गुणांतील सार्थक फरक हा मनःस्थितीतील फरक आहे, की प्रश्न समजण्यातील फरक आहे? चाचणीच्या पुस्तिकेतील विश्वसनीयता गुणांक उद्धृत केल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तो गुणांक दुसऱ्याच प्रदेशातील, दुसऱ्याच भाषेतील लोकांवरून काढलेला असतो.

अनुमानाची दुसरी हद्द भौगोलिक आहे. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ३४,८०२ प्रौढांची पाहणी झाली आणि त्या वेळी मानसिक विकार असलेल्यांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले. हा आकडा आपल्या शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत सर्रास येतो. परंतु ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते. त्यांत सातपुड्यापलीकडचा मध्य प्रदेश होता, पश्चिमेचा गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणून १०.६ टक्के हे प्रमाण खानदेशावर जसेच्या तसे बसवणे हे संख्याशास्त्रीय अनुमान नसून एक गृहीतक आहे. गृहीतक करण्यास हरकत नाही. मात्र ते गृहीतक आहे हे लिहिले पाहिजे.

८. पुराव्याकडून व्यवहाराकडे

डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्याधारित वैद्यकाची जी व्याख्या केली, तीत उपलब्ध उत्तम पुराव्याबरोबर उपचारकर्त्याचा अनुभव आणि रुग्णाची पसंती यांनाही स्थान आहे. पुरावा हा या तिघांतील एक भागीदार आहे. तो इतर दोघांशी बोलू शकेल अशा भाषेत असला पाहिजे, आणि ‘०.०५ पातळीवर सार्थक’ ही ती भाषा नव्हे.

ती भाषा कशी असते, याचे उदाहरण गोव्यातीलच २०१७ च्या अभ्यासात मिळते. ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नावाने, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांना १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहभागी करून घेण्यात आले. येथे चिठ्ठी केंद्राची नव्हे, रुग्णाची टाकली होती. अव्यावसायिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर ० ते ६३ गुणांच्या बेक नैराश्य मापनीवर दोन गटांत ७.५७ गुणांचा फरक पडला, मर्यादा ४.८६ ते १०.२७. नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के होते. म्हणजे साधारणपणे चार रुग्णांना ही सेवा दिली, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा एक रुग्ण अधिक बरा होतो. वैद्यकीय अधिकारी, आशा कार्यकर्ती आणि रुग्णाचा भाऊ या तिघांनाही हे वाक्य समजते.

‘मानस’ चाचणीचे तेच भाषांतर केले, तर एका अधिक रुग्णाच्या बरे होण्यासाठी सुमारे आठ जणांना सेवा द्यावी लागते. मर्यादा मात्र चारपासून त्रेसष्ठपर्यंत पसरतात. चार असतील तर तालुक्याने ही सेवा उद्याच सुरू करावी, त्रेसष्ठ असतील तर दोनदा विचार करावा. हा पल्ला झाकून ठेवणारा अहवाल निर्णय घेणाऱ्याची दिशाभूल करतो, मग त्यातील ‘पी’ मूल्य कितीही लहान असो. शिवाय ही संख्या नेहमीच्या उपचारांनी किती जण बरे होतात यावरही अवलंबून असते. म्हणून गोव्याची संख्या उचलण्यापूर्वी आपल्या केंद्रांतील ते प्रमाण आधी मोजावे लागेल. महाविद्यालयीन संशोधनाला येथे मोठे आणि आवाक्यातले काम आहे.

९. समारोप

उपरोक्त विवेचनाचा रोख संख्याशास्त्राच्या विरोधात नाही. उलट, आपण संख्याशास्त्र फार कमी वापरतो, अशी ही तक्रार आहे. ‘टी’ मूल्य काढून थांबणे म्हणजे विहीर खोदून पाण्याची खोली न मोजता परतणे होय.

सुधारणेसाठी महागडी संगणक प्रणाली लागत नाही. मुख्य परिणाम कोणता मोजणार हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवणे, प्रत्येक फरकासोबत त्याच्या विश्वास मर्यादा देणे, विद्यार्थी किती याबरोबर शाळा किंवा गावे किती हे कोष्टकातच नोंदवणे, ‘परिकल्पना स्वीकारली’ याऐवजी ‘या नमुन्यावरून फरक ठरवता आला नाही’ असे लिहिणे, आणि प्रश्नावली वापरण्यापूर्वी ती दहा-पंधरा अहिराणी व पावरी भाषकांसमोर वाचून पाहणे, एवढ्या गोष्टी पदव्युत्तर विभागाला सहज करता येतील. मार्गदर्शक, परीक्षक आणि नियतकालिकांचे समीक्षक यांनी त्या मागितल्या पाहिजेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण दिले, तेव्हापासून संख्या वाढवण्याकडे आपला कल झाला. आणि शंभर विद्यार्थ्यांचा ‘टी’ हा गुण मिळवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग ठरला. या मार्गाने गेल्याबद्दल एकट्या संशोधकाला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु असार्थक ठरलेला, तरीही काळजीपूर्वक केलेला अभ्यास नाकारणारे समीक्षकही आपणच असतो, हे विसरून चालणार नाही.

प्रश्नावलीवर खूण करणारी आश्रमशाळेतील मुलगी आपल्या वेळेचा अर्धा तास आणि मनातील काही गोष्टी संशोधकाच्या हवाली करते. तिला ‘टी’ मूल्याशी कर्तव्य नसते. तिने दिलेल्या उत्तरांतून तिच्यासारख्या मुलींना किती मदत होईल आणि हे आपण किती खात्रीने सांगू शकतो, एवढे तरी तिला सांगता यावे, ही अनुमानात्मक संख्याशास्त्राकडून असलेली किमान अपेक्षा आहे.